ब्रीडाचा नवरा

असे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. फ्रीजवरच्या टोपलीत बटणं, जुन्या किल्ल्या आणि मुदत संपलेली कुपनं जमतात ना, तसे ते जमत जातात. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या पुस्तकमंडळाचे माझ्याकडे असे बरेच आहेत. कुणाकडे जेवायला गेलो की वैशाली हटकून म्हणते, "तो डोहाळजेवणाचा सांग ना यार!" मी सांगते, लोक हसतात आणि मी तिथेच थांबते. पुढचे सांगायला जीभ रेटत नाही. कारण तेव्हा आमच्यातल्या एकीचा जीव टांगणीला लागला होता. ती ते आम्हाला दर मंगळवारी सांगत होती आणि आम्ही गोष्ट म्हणून ऐकत होतो.

आज मात्र सगळे सांगते.

* * *

आधी मंडळाची ओळख. दोन हजार दोन-तीनचा सुमार. आमचे नवरे आयटीत आणि आम्ही त्यांच्या व्हिसावर. म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही, डिग्र्या फाइलमध्ये, आणि मिशिगनचा हिवाळा पाच महिने दाराशी बसलेला.

आम्ही चौघी होतो. मी सांगलीची. राजश्री नागपूरची, तोंडाने फटकळ. वैशाली डोंबिवलीची, बडबडी. आणि शुभदा साताऱ्याकडची, अगदी कमी बोलणारी. मंगळवारी साडेदहाला लायब्ररीत लहान मुलांचा स्टोरीटाइम असायचा. मुलं आत गाणी म्हणायची आणि आम्ही मागच्या खोलीत बसायचो. गाडी फक्त मी आणि राजश्री चालवत होतो. शुभदाला आणि तिच्या चार वर्षांच्या सईला तिचा नवरा मिलिंद सोडून जायचा आणि बरोबर बारा वाजता पुढच्या दाराशी येऊन हॉर्न द्यायचा. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही!

"किती काळजी घेतो गं!" आम्ही म्हणायचो. शुभदा पर्स उचलून पळायची.

पाचव्या माझ्या सासूबाई. दिवाळीला आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. सगळ्या मंडळात त्या काकू, म्हणून मीही इथे काकूच म्हणते.

लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये वैशालीला एक जाडजूड आयरिश कादंबरी मिळाली. कव्हरवर हिरवंगार गाव, चार बायका आणि मध्ये चहाची किटली. माणसं गोरी, पण बाकी सगळं आपलंच! चर्चमधल्या चौकस काकवा, मुलीच्या लग्नाची घाई, कोण कुणाच्या घरातून किती वाजता बाहेर पडलं याचा हिशेब. चार भाग, चार बायका, एकमेकींत गुंतलेल्या.

पुस्तक एक आणि वाचणाऱ्या चौघी. धीर एकीलाही नाही. राजश्रीने ते घरी नेलं आणि ब्रेड कापायच्या सुरीने त्याचे सरळ चार तुकडे केले! प्रत्येक तुकड्याला रबर बँड लावून आणलं.

"घ्या. एकेकीला एकेक बाई. भांडू नका."

मला पोस्टात काम करणारी नोरा आली. राजश्रीला वकिलाच्या ऑफिसातली टायपिस्ट शिवॉन. वैशालीला म्हातारी शाळामास्तरीण पेग. आणि शुभदाला ब्रीडा, गावातल्या पावाच्या दुकानाची मालकीण.

वाचून झालं की तुकडे बदलायचे असं ठरलं होतं. पण काकूंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीने आपापल्या बाईची गोष्ट दर मंगळवारी थोडी थोडी मराठीत सांगायची टूम निघाली. त्याची एवढी गोडी लागली की बदलाबदली राहूनच गेली. "तुझीचं काय झालं?" असं आम्ही फोनवर विचारायला लागलो.

* * *

पहिला घोळ या फोनमुळेच झाला.

माझी नोरा लग्नाआधीच पोटुशी राहिली होती आणि तो दिवटा जहाजावर निघून गेला होता. मी कॉर्डलेसवर वैशालीला सांगत होते, "चौथा महिना लागलाय गं, आणि घरी अजून पत्ता नाही. पोस्टात कळलं तर नोकरी जाईल तिची!"

पलीकडे वैशालीच्या नवऱ्याने दुसरा फोन उचललेला! त्याने ऐकलं, गपचूप ठेवला आणि ऑफिसात जाऊन सांगितलं. दोन आठवड्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महाराष्ट्र मंडळातल्या एक ज्येष्ठ बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या नोराला म्हणावं, काही लागलं तर आम्ही आहोत. मुलगी आपल्यातली आहे का?"

मी म्हटलं, "नाही हो, आयर्लंडची."

बाई सुस्कारा सोडून म्हणाल्या, "असू दे. बाईची जात सगळीकडे सारखीच."

तेव्हा मी खूप हसले होते. आता वाटतं, न पाहिलेल्या नोराच्या मदतीला एक बाई धावून आली, आणि समोर बसलेलीच्या मदतीला आम्ही चौघीजणी असून उठलो नाही.

* * *

आता तो डोहाळजेवणाचा.

नोराला सातवा लागला तशी काकूंना चैन पडेना. "पोटुशी बाई, एकटी, कुणी तोंड गोड केलं नाही. असं ठेवत नाहीत." मी समजावलं की पुस्तकातली आहे. त्या म्हणाल्या, "मला कळतंय की! म्हणून काय झालं?"

मंगळवारी पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या. पण लायब्ररीत खायला मनाई! मग लायब्ररीच्या मागच्या दाराशी, बर्फात, माझ्या मिनीव्हॅनमध्ये हीटर लावून पाचजणी दाटीवाटीने बसलो आणि नोराच्या नावाने पुरणपोळी खाल्ली. काकूंनी एक पोळी नोराच्या भागाचं रबर बँड काढून त्या पानांवर ठेवली. एकशे बाराव्या पानावर अजून तुपाचा डाग आहे!

शुभदाने त्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या. मग हळूच म्हणाली, "काकू, ब्रीडाचं कुणी कधी असं केलं नाही हो."

"का गं? तिला तर नवरा आहे ना?"

"आहे," शुभदा म्हणाली. तेवढ्यात पुढच्या बाजूने हॉर्न वाजला.

* * *

काकूंचा आणखी एक हट्ट म्हणजे दशम्या. गावाबाहेर जायचं तर दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या बरोबर हव्यातच. पाण्यातली पोळी वाटेत खराब होते, दुधातली टिकते, हा त्यांचा कायदा.

मार्चच्या शेवटी आम्ही शिकागोला गेलो. पाच तासांचा रस्ता, दर एक्झिटला पिझ्झा, बर्गर, काय हवं ते. तरी काकूंच्या मांडीवर दशम्यांचा डबा! टोलनाक्यावर बूथमधल्या बाईने हात पुढे केला, तर काकूंनी मागच्या खिडकीतून तिच्या हातावर दोन दशम्या ठेवल्या. माझा नवरा नितीन स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला.

"अहो, तिला टोल हवाय!" मी म्हटलं.

"तो तू दे. ही सकाळपासून उभी आहे."

त्या बाईने दशम्या घेतल्या. टोलही घेतला.

* * *

आता ब्रीडा.

शुभदा फार छान सांगायची. एरवी चार शब्द न बोलणारी, पण पुस्तक मांडीवर उघडलं की आवाजच बदलायचा. ब्रीडाचा नवरा गावात सगळ्यांना आवडायचा. देवळात पुढे, मदतीला पुढे. पण ब्रीडाच्या आईची पत्रं तो आधी उघडायचा आणि मग वाटलं तर तिला द्यायचा. दुकानाच्या किल्ल्या त्याच्या खिशात. ब्रीडा कुणाशी किती वेळ बोलली, हे तो रात्री लहान मुलीसमोर तिच्याकडून वदवून घ्यायचा.

वैशाली एकदा म्हणाली, "पण माझ्या भागात ब्रीडा किती हसते यार! पेग पाव घ्यायला जाते तेव्हा सारखी हसतच असते."

"दुकानात हसते," शुभदा म्हणाली.

आम्हाला ते वाक्य इतकं आवडलं! "काय लिहितात या आयरिश बायका!" असं आम्ही म्हणालो. खरंच म्हणालो.

मग एका मंगळवारी ब्रीडाच्या नवऱ्याने दुकानाच्या दारात तिचा हात चेमटवला. मुद्दाम. ती आईला चोरून पत्र लिहीत होती म्हणून. शुभदाने हे सांगितलं तेव्हा तिच्या स्वतःच्या मनगटाला बँडेज होतं. बर्फावरून घसरले, असं तिने आल्या आल्याच सांगितलं होतं. मिशिगनमध्ये बर्फावरून कोण घसरत नाही? मीही जानेवारीत घसरले होते.

राजश्री भडकली. "मूर्ख आहे बे तुझी ब्रीडा! पोरीला उचलायचं आन् निघायचं!"

"कुठे निघायचं?" शुभदाने विचारलं. "दुकान त्याचं, घर त्याचं. तिला गाडी चालवता येत नाही. कागदपत्रं त्याच्या कपाटात."

आणि मग मी बोलले. माझं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "मला नाही पटत. राहतात त्या अर्थी अशा बायकांना ते चालत असतं."

शुभदाने पान मिटलं आणि मला म्हणाली, "असेल. पुढे वाचते, मग सांगते."

त्या आयरिश गावात, त्या काळात, पावाच्या दुकानदारणीला गाडीचा आणि कागदपत्रांचा प्रश्न कसा पडला, हे माझ्यासारख्या शहाणीच्या डोक्यातही आलं नाही.

* * *

एप्रिलमधल्या एका मंगळवारी हॉर्न पाच मिनिटं आधी वाजला. शुभदा सईला काखोटीला मारून पळाली आणि तिचा भाग खुर्चीवरच राहिला. मी तो घरी आणला. दुपारी भांडी आवरली आणि म्हटलं, बघू तरी त्या नवऱ्याचं पुढे काय होतं.

ब्रीडाचा नवरा तिसऱ्या पानावर वारलेला होता.

न्यूमोनियाने. लग्नानंतर दोन वर्षांतच. ब्रीडा ही गावातली सगळ्यात आनंदी बाई होती! मुलंबाळं नाहीत, दुकान स्वतःचं, किल्ल्या कमरेला. सगळ्या गावाची गुपितं पावाबरोबर कागदात गुंडाळून द्यायची. मी दीडशे पानं पुन्हा पुन्हा चाळली. पत्रं उघडणारा कुणी नव्हता. दारात हात चेमटवणारा कुणी नव्हता.

मी काकूंकडे गेले. त्या लसूण सोलत होत्या. मी सांगायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "मला ठाऊक आहे."

"तुम्हाला? तुम्हाला तर इंग्रजी वाचता येत नाही!"

"म्हणून तर कळलं. तुम्ही सगळ्या तोंडाकडे बघत होता, मी हाताकडे बघत होते. ती अर्धा तास सांगते, पण पान उलटत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही मैत्रिणी आहात, तुम्हाला माहीत असेल."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

* * *

राजश्रीला आणि वैशालीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. वैशाली रडली. राजश्री म्हणाली, "उद्याच जाऊन त्याची गचांडी धरते." काकूंनी तिला थांबवलं.

"तिने पुस्तकातून सांगितलं ना? मग तुम्हीही पुस्तकातूनच सांगा. तोंडावर विचारलंत तर ती नाही म्हणेल आणि परत यायची नाही."

पुढच्या मंगळवारी मी तिचा भाग काही न बोलता तिला दिला. मग आम्ही एकेकीने आपापला भाग उघडला आणि एकही ओळ न वाचता गोष्ट सांगितली.

राजश्री म्हणाली, "माझ्या शिवॉनने वकिलाकडे सगळी चौकशी केलीय. अशा बाईला इथे राहता येतं. कायदा आहे तसा. पासपोर्ट त्याच्याकडे असला तरी नवा मिळतो."

वैशाली म्हणाली, "पेगच्या घरी वरची खोली रिकामी आहे. ब्रीडा हवी तेवढी राहू शकते यार."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "नोरा ब्रीडाला म्हणाली, मंगळवारी अकरा वाजता लायब्ररीच्या मागच्या दाराशी ये. मी गाडी घेऊन उभी असेन. काहीही बरोबर आणू नकोस."

शुभदा पानांकडे बघत होती. मग म्हणाली, "आणि ब्रीडाची मुलगी?"

"नोराच्या गाडीत कारसीट बसवलेली आहे," मी म्हटलं.

शुभदाने वर पाहिलं. मग रबर बँड लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"येत्या मंगळवारी?" तिने विचारलं.

आणि इथे मी माती खाल्ली. येत्या मंगळवारी माझ्या लेकाची डेंटिस्टची अपॉइंटमेंट होती. दोन महिन्यांनी मिळालेली. मी सहज म्हटलं, "येत्या नको. त्याच्या पुढच्या." डेंटिस्ट! राजश्री येऊ शकली असती, अपॉइंटमेंट कॅन्सल करता आली असती. पण ब्रीडाने एवढी वर्षं काढली, आणखी एक आठवडा काढेल, असंच काहीतरी माझ्या मनात होतं.

"बरं," शुभदा म्हणाली. हॉर्न वाजला आणि ती गेली.

* * *

त्या पुढच्या मंगळवारी मी सव्वादहापासून मागच्या दाराशी गाडी लावून बसले. शेजारी काकू, मांडीवर दशम्यांचा डबा. वैशालीचं घर तिथून दहा मिनिटांवर! पण काकूंच्या मते बाई घर सोडते म्हणजे प्रवासच.

अकरा वाजले. साडेअकरा. बारा वाजता मी पुढच्या दाराशी जाऊन पाहिलं. हॉर्न वाजवायलाही कुणी आलं नव्हतं.

आम्ही त्यांच्या अपार्टमेंटवर गेलो. दाराला कुलूप, खिडकीतून आतलं रिकामं कार्पेट दिसत होतं. पलंगाच्या पायांचे चार खळगे तेवढे उमटलेले. ऑफिसातली बाई म्हणाली, शनिवारी गेले, टेक्ससला जॉब मिळाला म्हणे. टेक्सस केवढं आहे! नितीनने त्याच्या ओळखीत विचारलं. सगळे म्हणाले, "मिलिंद? एकदम चांगला माणूस. पण नंबर नाही."

नितीन म्हणाला, "शोधून तरी काय करणार? दोन दिवसांचा ड्राइव्ह आहे."

काकूंनी डबा उघडला नाही. तीन दिवस तसाच ओट्यावर होता.

मंगळवार नंतरही आले. आम्ही लायब्ररीत जायचो, पण गोष्ट कुणी सांगत नव्हतं. राजश्री खिडकीतून बाहेर बघायची. एकदा ती मला म्हणाली, "तू डेंटिस्टकडे गेली होतीस ना? किती कॅव्हिटीज निघाल्या?" मी म्हटलं, एकही नाही. ती त्यावर काही बोलली नाही, आणि ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

* * *

हा शेवटचा.

काकूंनी व्हिसा वाढवून घेतला होता, पण त्यांचं परतीचं तिकीट आता तीन आठवड्यांवर आलं होतं. एका दुपारी पोस्टाने एक जाड पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. माझा पत्ता इंग्रजीत, अक्षर घाईचं.

आत ब्रीडाचा भाग होता. रबर बँड तेच, निळं. पहिली पानं जशीच्या तशी. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती, तिथे पेन्सिलीने मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. मी काकूंना वाचून दाखवल्या.

'ब्रीडा आता टेक्ससच्या शुगर लँड गावात राहते. दर मंगळवारी अकरा वाजता ती मुलीला घेऊन लायब्ररीच्या मागच्या दाराशी उभी असते.'

काकूंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, "आज वार कोणता?"

"शनिवार."

"मंगळवारी तुला काही काम आहे?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

काकू उठल्या. खालच्या कपाटातून मोठी परात काढली, डब्यातली सगळी कणीक तिच्यात ओतली आणि पदर खोचत म्हणाल्या, "दूध जास्तीचं आण. दोन दिवसांचा रस्ता आहे."